खुडूक कोंबडी

—नाही हो ताई, आजही ताप नाही. लावा ना तुमचं ते यंत्र कपाळाला. सात दिवस झाले, रोज तेच — ताप आहे का, खोकला आहे का, डोळे लाल झालेत का. झालेत, पण ते रडून. बर्ड फ्लू कोंबडीचा माणसाला लागतो म्हणे, म्हणून तुमच्या फेऱ्या. आणि कोंबड्या तर गेल्या. एकोणचाळीस माझ्यादेखत पोत्यात भरल्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी, वर चुना टाकला, खड्डा बुजवला — खुराडं इतकं गप्प, की सकाळी जागच येत नाही मला. काय? तुमच्या कागदावर चाळीस आहेत? असतील. एक मांजरानं नेली. आता मांजर काय सांगून येतं? लिहा, मांजर.

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. दमले हो मी. बाकीच्यांनी माना टाकल्या, तुरे निळे पडले, ते मला कळलं — तीस वर्षं कोंबड्या पाळतेय, काल नाही आले मी. पण ही चांगली होती. खुडूक होती, अंड्यांवर बसलेली — तुम्हाला नसेल माहीत, खुडूक कोंबडी धड खात नाही, पिसं फुगवून, डोळे मिटून एका जागी बसून राहते. तशीच बसली होती. तिला काय धाड भरलीय, म्हटलं, उगाच मारतील — म्हणून टोपलीत घालून... म्हणजे टोपलीत ठेवली होती, आणि मग मांजर—

असं बघू नका ना.

लेकीकडे दिली. ती माणसं यायच्या आदल्या दिवशी, अंड्यांसकट. नातीला पिल्लं बघायची होती. आज सकाळी लेकीचा फोन — आई, कोंबडी उठलीच नाही, बसल्या बसल्या मेली. मी म्हटलं, मरतात खुडूक कोंबड्या कधी कधी. मरतात? माझी तर तीस वर्षांत एक मेली नाही अशी. आणि पोर आठवडाभर तिच्यापाशीच, कुरवाळत. पोरीचं अंग तापलंय, म्हणाली लेक, ऊन लागलं असेल ना गं? मी हो म्हटलं, ताई. याच तोंडानं हो म्हटलं. आणि तेव्हापासून तुमची वाट बघतेय, तर तुम्ही आल्यावर मांजराचं सांगत बसले! पुलापलीकडे, पाण्याच्या टाकीमागं, हिरवं दार. चार वर्षांची आहे हो. माझा ताप काय मोजताय? उठा. जा आधी तिकडे — जा म्हणते ना!