यादीत नसलेली शकुंतला

प्रतिमा : बाबा, वीस मिनिटांत माझा इंटरव्ह्यू आहे. माझ्या लॅपटॉपचं वायफाय तुम्ही बंद केलं का?

हेमचंद्र : तुझं काहून बंद करीन, सूनबाई? हे पाहा, 'प्रतिमा मोबाइल', चालू आहे. मी बाहेर काढली ती शकुंतला. सकाळी राउटरची यादी उघडली, तर ही बाई आत बसून राहिली. ओळख ना पाळख.

प्रतिमा : तोच माझा लॅपटॉप, बाबा.

हेमचंद्र : अन् नाव दुसरीचं? खमरियाच्या फॅक्टरीत गेटवर चौतीस वर्षं काढली मी. यादीत नाव नाही म्हणून साहेबाच्या मेव्हण्यालाही उन्हात उभा ठेवला. आता घरचं गेट म्हणजे हा राउटर. माझा मोबाइल 'हेमचंद्र', टीव्ही 'बैठक'. प्रिंटर तीन दिवसांपासून आला नाही, त्याचा खाडा मांडला.

नर्मदाबाई : अहो, प्रिंटर तुम्हीच दुरुस्तीला टाकला ना.

हेमचंद्र : मग रजेचा अर्ज पाहिजे होता. सूनबाई, तू मोबाइलवरून दे इंटरव्ह्यू.

प्रतिमा : पाठ शिकवून दाखवायचा आहे. सगळी चित्रं लॅपटॉपमध्ये आहेत. अन् घरात मोबाइलचं नेटवर्क येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

हेमचंद्र : चलो, सोपं आहे. लॅपटॉपचं नाव प्रतिमा कर, मी लगेच आत सोडतो.

प्रतिमा : नाव बदललं की मशीन बंद करून परत चालू करावं लागते. हे जुनं आहे, अर्धा तास घेते. सिहोऱ्याची शाळा माझ्यासाठी थांबेल का?

हेमचंद्र : पण तू हे नाव आणलं कुठून?

प्रतिमा : माझंच आहे, बाबा. शकुंतला भोयर. लॅपटॉप पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यानं विचारलं, नाव काय ठेवू? माझ्या हातून हेच लिहिलं गेलं.

नर्मदाबाई : हो की. लग्नात आपण प्रतिमा ठेवलं. आपल्या गुणवंतानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं. त्या तांदळाची मग मी खीर केली.

हेमचंद्र : म्हणजे जुनं नाव रद्द झालं.

प्रतिमा : मार्कशीटवर नाही झालं. शाळेनं शकुंतला भोयरलाच बोलावलं आहे.

हेमचंद्र : एका टोकनवर दोन माणसं आत जात नाहीत. उद्या शकुंतलेला नोकरी लागली, तर प्रतिमा कुठं जाईल?

नर्मदाबाई : दोघी एकाच बसनं जातील हो. तिला उशीर होऊन राहिला.

प्रतिमा : बाबा, बी.एड.चा कागद एकोणीस वर्षं कपाटात ठेवला मी. पोरं मोठी झाली, आता मला शिकवायचं आहे. ही नोकरी पाहिजे मला. अकराला दहा कमी आहेत.

(हेमचंद्र चष्मा पुसून मोबाइल डोळ्यांजवळ धरतात.)

हेमचंद्र : थांब, थांब. इथं दोन रकाने आहेत. मशीन स्वतःचं जे नाव सांगते, ते डावीकडे. घरमालकानं दिलेलं, ते उजवीकडे. मालकानं लिहिलं की यादीत तेच दिसते. अच्छा, तर मी उजवीकडे प्रतिमा लिहून टाकतो. तुला मशीनला हातही लावायला नको.

प्रतिमा : नका लिहू, बाबा.

हेमचंद्र : काहून? आत सोडून राहिलो ना तुला.

प्रतिमा : उजवीकडे काहीच लिहू नका. रिकामं राहू द्या.

हेमचंद्र : रिकामं ठेवलं तर तिनं सांगितलेलंच नाव दिसेल. मग तिला जामीन कोण?

नर्मदाबाई : मी. घ्या लिहून.

हेमचंद्र : तू जामीन असशील तर माझी ना नाही. शकुंतला, आत. वेळ दहा बावन्न. जा बाई, लवकर जा, अन् घाबरू नको. तास चांगला घे.

प्रतिमा : येते, बाबा. आई, मी दार लावून घेते हं.

नर्मदाबाई : लाव. कुकर मी पाहते.

हेमचंद्र : लागला तिचा लॅपटॉप. हिरवा दिवा आला.

नर्मदाबाई : अहो, माझ्या मोबाइलपुढं काय लिहिलं आहे?

हेमचंद्र : नर्मदा. उजवीकडे, ठळक अक्षरात.

नर्मदाबाई : ते पुसा बरं.

हेमचंद्र : आता तुझं काय? पुसलं, घे. नुसता कंपनीचा नंबर दिसून राहिला.

नर्मदाबाई : मग तिथं कुंदा लिहा.

हेमचंद्र : कुंदा कोण?

नर्मदाबाई : मीच होते, सतरा वर्षांची होईपर्यंत.