रोह्यावर फेकलेलं वल्हं

(बडनेऱ्याच्या पुढचं एक शेत. हिवाळ्यातली सकाळ. बाजूला हरभरा; त्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात. काठोकाठ भरलेलं शेततळं, मधोमध हवा भरलेली लांब फळी, तिच्यावर मांडी घालून वामनराव. फळी त्यांच्या मुलीची, रागिणीची. काठावर त्यांची बायको मैनाबाई.)

मैनाबाई : मी इचारून रायली, बाहीर काहून नाई येऊन रायले?

वामनराव : ध्यान करून रायलो मी.

मैनाबाई : डोळे वटारून?

वामनराव : बंद केले का हे हालते.

मैनाबाई : चहाचा पार काढा झाला तिकडे. म्हटलं रोही हाकलाले गेले असतीन. अन तुमी इथी पोरीच्या फळीवर! कोन बसवलं तुमाले?

वामनराव : कोन बसवीन? माह्या मनानं बसलो. हवा पाहून रायलो होतो. रबराची चीज आहे, फुसकन गेली तं?

मैनाबाई : गेली काय?

वामनराव : नाई. घट्ट आहे.

मैनाबाई : मंग या ना. वल्हं कुठी आहे?

वामनराव : हरभऱ्यात.

मैनाबाई : हरभऱ्यात कसं गेलं ते?

वामनराव : अवं, मी चांगला गुडघ्यावर होतो, रागिणी बसते तसा. तेवढ्यात धुऱ्याच्या बांधावरून रोही उतरला अन हरभऱ्यात तोंड घातलं त्यानं. मी काय पाहत बसू? हातात जे होतं ते फेकून मारलं.

मैनाबाई : लागलं?

वामनराव : नाई. पण पळाला.

मैनाबाई : वा जी वा. रोही सुटला अन मालक अडकला. आता पालथे झोपा अन हातानं पाणी वढा. रागिणी तं तसंच करते.

वामनराव : पालथं व्हाले मांडी सोडा लागते. मांडी सोडली का हे कलंडते. खाली बारा फूट पाणी आहे, अन मले पोहता येत नाई.

मैनाबाई : तळं खोदून सहा वर्स झाले, अन हे आता सांगून रायले?

वामनराव : तळं वलिताले खोदलं, पोहाले नाई.

मैनाबाई : अन पायाले बांधाची ते दोरी? पोरगी म्हणे, दोरी बांधल्याबिगर कोनी चढाचं नाई.

वामनराव : ते वासराले बांधली.

मैनाबाई : काय?

वामनराव : चांगली मजबूत दोरी, वरून पट्टा. वासराचं दावं कालच तुटलं. म्हटलं हे रिकामीच पडून आहे.

मैनाबाई : देवा! थांबा, मीच उतरते.

वामनराव : खबरदार! तळ्याच्या प्लास्टिकच्या पन्नीवर पाय ठेवू नको. घसरली तं वर येता येत नाई. तू बस काठावर. बस म्हटलं ना.

मैनाबाई : तुमी तळ्यात दिसले तवाच रागिणीले फोन केला मी. ती अमरावतीहून, राजापेठेतून निंगालेलीच होती, येतच असंन.

वामनराव : तिले काहून सांगतलं?

मैनाबाई : मंग कोनाले सांगू? नत्थुजीले? पानठेल्यावर त्यायच्यापाशीच म्हणे ना तुमी, पोट्टीनं माह्या तळ्याची सर्कस केली म्हणून? बोलावते त्यायले. पाहू द्या सर्कस.

वामनराव : नत्थुजीले नोको.

मैनाबाई : मंग खरं सांगा, काहून चढले.

वामनराव : उद्या त्या बाया येऊन रायल्या अमरावतीच्या, रागिणीपाशी फळी चालवाले शिकाले. कोनाच्या सुना, कोनाच्या लेकी. एखादी पडली तं? म्हटलं आधी आपन चढून पाहाव. सगळ्यायहून वजनदार मीच आहो. मी कलंडलो का तिले सांगाचं, बंद कर हे.

मैनाबाई : अन बुडले असते तं?

वामनराव : तं सांगाचं कामच नव्हतं. आपोआप बंद झालं असतं.

मैनाबाई : जीभ आवरा! सकाळी सकाळी काय बोलून रायले? आली पाहा पोरगी. रागिणी, इकडे ये वं लवकर!

रागिणी : बाबा! हलू नका! आई, किती वेळ झाला? वल्हं कुठे आहे?

मैनाबाई : हरभऱ्यात. रोह्याले मारलं. दोरी वासराच्या गळ्यात.

रागिणी : आणि लाईफ जॅकेट?

वामनराव : ते माह्या पोटावर बसत नाई.

रागिणी : बरं. मी घालते जॅकेट. तुम्ही पडलात तर मी उडी मारतेच, पण तुम्ही पडणार नाही. आता मी सांगते तेवढंच करायचं.

वामनराव : तूच ये ना पोहत.

रागिणी : मी फळीला हात लावला की तुम्ही घाबरून उठाल, आणि दोघं पाण्यात. पाण्याकडे पाहू नका. दूर एका ठिकाणी नजर ठेवा. समोर काय दिसतं?

वामनराव : रोही. परत आला तो.

रागिणी : छान. त्याच्याकडेच पाहा. श्वास आत घ्या. आता हळूहळू सोडा.

वामनराव : अवं, तो खाऊन रायला!

रागिणी : खाऊ द्या.

वामनराव : हरभरा माहा आहे!

रागिणी : बाबा, हात नका ना उचलू जी! खाऊ द्या त्याले आज! मी पाया पडते तुमच्या. पाहा फक्त, अन श्वास सोडा.

वामनराव : सोडला.

रागिणी : अजून एकदा. हं. आता दोन्ही हात पुढे टेका. उजवा पाय मोकळा करा. आता डावा. थांबा. हललं तरी हलू द्या, ते आपोआप थांबतं.

वामनराव : थांबलं.

रागिणी : आता गुडघ्यावर या, आणि पोटावर झोपा. हनुवटी वर. दोन्ही हातांनी पाणी मागे ढकला. आई, तू रडू नको गं, त्यांचं लक्ष जातं.

मैनाबाई : मी कुठी रडून रायली? तुमी या हो. या असेच.

रागिणी : थोडंच राहिलं बाबा. मी आणलेली ही ट्यूबची दोरी टाकते, धरा. धरली? आता या वर. या.

वामनराव : आलो. हात सोड आता, आलो मी.

रागिणी : नाही सोडत. आधी खाली बसा. बाबा, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. त्याच्यासाठीच येत होते मी.

वामनराव : सांग.

रागिणी : त्या सात जणींनी काल विचारलं, तुमच्या घरचं कोणी चढलं का यावर? पाच जणी तर नाव मागे घ्यायला निघाल्या होत्या. मी सांगून बसले, माझे बाबा रोज चढतात.

मैनाबाई : रोज?

रागिणी : खोटं बोलले. शाळेतली नोकरी सोडून हे धरलं मी, एकही जण आली नाही तर काय करू? म्हणून म्हणणार होते, बाबा, उद्या सकाळी तुम्ही अकोल्याला मावशीकडे जा. मी सांगेन, बाबा नेमके आजच गावाला गेले.

वामनराव : मी काहून जाऊ गावाले?

रागिणी : लोकांसमोर तुम्ही सर्कस म्हणता याला. माझी लाज वाटते तुम्हाला.

वामनराव : लाज कायची वं? सर्कशीत मानूस पडला तं खाली जाळी रायते. इथी मले जाळी दिसे नाई. भेव वाटे मले, म्हणून बोलत होतो.

रागिणी : मग तसं सांगायचं ना, बाबा.

वामनराव : भेव वाटते म्हणून सांगतात काय लेकीले?

मैनाबाई : चला आता, चहा घ्या. निरे थंडगार पडले हात.

वामनराव : किती वाजता येतात त्या?

रागिणी : सात वाजता.

वामनराव : अवं, ऐकलं काय? चहा मंग. पयले वासराले दुसरं दावं बांध. ते दोरी उद्या मले लागते.