कागदावरची मालकीण

बर्धमानच्या दस्तनोंदणी कचेरीत दस्त लिहून देणाऱ्या निरुपमाबाईंच्या पुढे एक थकलेली स्वयंपाकीण आणि तिच्या जुन्या धन्यांचा मुलगा उभे होते.

“खांतोदिदी, तळं आता आमच्या नावावर करून दे. सिलिंगच्या कायद्यात जमिनी जायला लागल्या तेव्हा बाबांनी नुसतं तुझं नाव लावलं होतं.”

“मग तसं आतल्या साहेबांना सांगा की, छोटेबाबू.”

“सांगितलं तर बेनामी म्हणून सरकारच घेईल!”

“तुमची आई दर दुर्गापूजेला रोहूचं मानाचं डोकं माझ्या पानात वाढायची. म्हणायची, ‘आधी मालकीणबाईंना!’ सगळे पोट धरून हसायचे. मीसुद्धा.”

“थट्टा होती गं ती.”

“हो ना. काय माणसं होती, काय दिवस होते!”

“मग करतेस ना सही?”

“नाही, बाबू. गळ टाकायला खुशाल या. फक्त आधी मला विचारा.”