मागच्या दारानं कुणी आलंच न्हाय

नट नसलेलं नाटक केलं की कटकट कमी, असं मला वाटलतं. वडगावातल्या आमच्या बंद पडलेल्या हातमागाच्या खोलीत नुसते दिवे आणि रेकॉर्ड करून ठेवलेले दोन आवाज: मागाची खडखड आणि आईचं बोलणं. एका वेळी सहा जण पुढच्या दारानं आत सोडायचे, दहा मिनिटांत ते मागच्या दारानं बाहेर. पुढं मी, मागं माझी बायको.

तीन खेपा सोडल्या आणि तिचा फोन आला. "अवो, माणसं सोडताय का न्हाय? हितं अजून एकबी आलं न्हाय!"

अठरा माणसं मी माझ्या हातानं आत सोडलेली! पळत आत गेलो, तर सगळी सतरंजीवर मांडी घालून गप बसलेली. सगळ्यांत पुढं आमच्या शेजारच्या शांताक्का.

"आक्का, नाटक संपलं. उठा की आता."

"उठा काय? तुझी आई आत्ताच म्हणाली, 'बसा, च्या टाकते.' च्या न घेता कसं उठायचं रं?"

"आक्का, आईला जाऊन दोन वर्षं झाली."

"मला सांगतोस? तिच्या मातीला मी न्हवते व्हय?" आक्का जागच्या हलल्या न्हाईत. "म्हणून काय तिचा शब्द मोडायचा?"