सरकार न मानणाऱ्याचं कार्ड

सरकार न माननाऱ्यायच्या मंडळात जाचं असन त जा बापा, पन त्यायचा कागद भरू नका. म्या भोगलं हाय.

आणीबाणीच्या आंधीची गोष्ट. इंझोरीले त्या मंडळाचा एक मानूस कार्ड वाटून राह्यला होता. ज्याच्याजवळ हे कार्ड, त्याच्यावर सरकारचा कायदा चालत नाई म्हने. माह्या दोस्तानं, देवीदासनं, लगेच घेतलं. साक्षीदाराशिवाय कागद पक्का होत नाई, म्हनून मांगच्या बाजूले साक्षीदाराची सहीबी घेतली.

दुसऱ्याच दिवशी आमी दोघं एस.टी.नं मंगरूळपीरले निंगालो. कंडक्टरनं तिकीट मांगतलं, त देवीदास म्हने, "मी सरकार मानत नाई."

"मंग सरकारच्या गाडीत कायले बसला?" कंडक्टर म्हने, अन् त्यानं गाडी सरळ पोलीस ठाण्यात नेली.

फौजदारानं इचारलं, "नाव?"

"नाई सांगत."

"गाव?"

"नाई सांगत."

फौजदारानं त्याच्या खिशातलं कार्ड काढलं. त्याच्यावर नाव, बापाचं नाव, गाव, शेताचा सर्वे नंबर, गालावरचा तीळ, अन् खाली आंगठ्याचा ठसा. फौजदार शिपायाले म्हने, "घे लिहून. एवढं त चोर मार खाऊनबी सांगत नाई."

मंग माह्याकडं पाह्यलं. "तू कोन याचा?"

"कोनी नाई साहेब. गाडीत बाजूले बसलो होतो."

फौजदारानं कार्ड उलटं केलं. साक्षीदार म्हनून तिथं माहीच सही होती, बापाच्या नावासकट.

"बरं," फौजदार म्हने, "आता तुहं नाव तू सांगतं, का मीच वाचू?"