सतरा नंबरचा उंदीर

...नाही, पण मी म्हणते, एवढं मोठं सभागृह, एवढा मोठा पडदा, आणि घरी न्यायला शब्द मिळाला एकच... आशादायक! तुम्हाला सांगते, पहिल्या रांगेत बसले होते मी, यांचा हात घट्ट धरून, कारण सोडला की हे उठून चालायला लागतात. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली या माणसाने, आणि आता स्वतःच्या घरात न्हाणीघर सापडत नाही हो! मला ‘ताई’ म्हणतात. आदराने म्हणतात, तक्रार नाही.

तर ती संशोधक मुलगी, माझ्या सुनेच्या वयाची, बोलायला अगदी गोड, सांगत होती, “आठवण मेंदूत नेमकी कुठे साठते, हा आजचा मोठा प्रश्न आहे.” मी मनात म्हटलं, बाई गं, साठते कुठे ते राहू दे, जाते कुठे ते सांग! मग पडद्यावर उंदीर आले. विसरभोळे उंदीर, मुद्दाम आजारी पाडलेले! पाण्याची टाकी, त्यात पाण्याखाली लपवलेला चौथरा. औषध न दिलेले बिचारे नुसते गोल गोल पोहतात... हे घरात फिरतात ना, अगदी तसे. आणि औषध घेतलेला सतरा नंबर? सुळकन गेला नि चढून बसला की चौथऱ्यावर! मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. “माणसांना कधी मिळेल गं?” तर म्हणाली, “दहाएक वर्षं धरा, आजी. पण आशादायक आहे.”

दहा वर्षं! इथे सकाळचा चहा दुपारी आठवत नाही... पण मी काही आशा सोडणारी नाही. घरी आले, देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि मागायचं काय? दहा वर्षांपुढचं मागायला जीभ रेटेना. म्हटलं, देवा, त्या सतरा नंबरला सांभाळ. तो तरला तर हेही तरतील. आणि साखर सोडली. उंदरासाठी! हसा, हसा... वन्संही हसल्याच, “वहिनी, लोक लेकराबाळांसाठी नेम धरतात, तुम्ही उंदरासाठी?”

दोन महिन्यांनी पुन्हा व्याख्यान. संपल्या संपल्या धडपडत गाठलं तिला, “अगं, आपला सतरा नंबर कसा आहे?” तिला आधी कळेचना. मग हळूच म्हणाली, “आजी, तो प्रयोग संपला ना... शेवटी मेंदू कापून बघावा लागतो, औषध आत कुठवर पोचलं ते.”

“सगळ्यांचा?”

“सगळ्यांचा.” आणि माझा चेहरा बघून घाईघाईने, “पण निकाल फार आशादायक आहेत हं!”

तिचा काय दोष हो? तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण मला सांगा, मी देवाला म्हणतेय सांभाळ, ही म्हणतेय कापून बघते, आणि दोघी मागतोय एकच... त्याने तरी कुणाचं ऐकावं?

आता नेम सोडावा की धरावा, कुणाला विचारू? चहा करते, यांच्यात दोन चमचे, माझा बिनसाखरेचा. आणि रोज, अगदी रोज हे विचारतात, “ताई, तुम्ही साखर नाही घेत?”

“नेम आहे.”

“कुणासाठी?”

“एक उंदीर होता.”

“अरेरे! आजारी होता का?”

“हो.”

“मग... आता कसा आहे?”

मी आपली कपाकडे बघत म्हणते, “आशादायक आहे म्हणतात.”