दात सरकतात

बुलढाण्याहून मोताळ्याकडं निघालेल्या एसटीत अंबूबाईचा डोळा लागत होता. पुढच्या सीटवर एक बाप आणि त्याची बारा वर्षांची लेक बसली होती. लेकीच्या दातांना आजच तारा बसवल्या होत्या.

“पप्पा, लय दुखून राह्यलं. उद्या येऊन तारा काढून टाकू.”

“डाक्टरबाई म्हणे ना, दोन-चार दिवस दुखते. दात सरकून राह्यले तुये.”

“मी झोपल्यावरबी सरकतात?”

“हाव. केसाएवढे. कोणाले दिसतबी नाही.”

“कुठं जातात?”

“आपापल्या जाग्यावर. दोन वर्षं लागतात त्याइले.”

“मले तं पोळीबी चाववत नाही.”

“वरणात चुरून खाय. मीबी तुयासंगं तसंच खाईन.”

घाट उतरताना बस डुलू लागली. अंबूबाईच्या मिटल्या डोळ्यांपुढून इवले पांढरे दात मेंढरांसारखे संथ चालले होते.

“पप्पा, तुमचे दात तं केवढे पुढं हायेत. तुमी काऊन नाही लावल्या तारा?”

“मले कोणी सांगतलंच नाही पोरी, दात सरकतात म्हणून.”

पोरीनं जिभेनं तारा चाचपल्या. अंबूबाईची झोप पार उडाली होती.

“पप्पा.”

“बोल.”

“उद्या नाही जायचं डाक्टरबाईकडं. राहू द्या तारा.”